मदत हवी आहे: हेन्री आठव्याला चर्चचं प्रमुखपद दिलं कोणी?

मंडळी, इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्या ट्यूडर घराण्याचा काळ वाचतोय आणि एका गाठीशी अडलोय. १५३३ चा अपिलांचा कायदा कळतो. विवाह, मृत्युपत्र, चर्चचा दशांश कर असल्या खटल्यांत रोमकडे दाद मागायची वाटच बंद. हेन्रीला पहिली राणी कॅथरीन हिच्याशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं, ते प्रकरण पोपकडे लोंबकळत होतं. कायदा झाला आणि मे महिन्यात आर्चबिशप क्रॅनमरने डन्स्टेबलला बसून निकाल देऊनही टाकला. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचं डोकं, दुसरं काय!

घोडं अडतं ते चर्चच्या प्रमुखपदाच्या १५३४ च्या कायद्यापाशी. त्यात संसद राजाला चर्चचा प्रमुख नेमत नाही. तो आहेच असं धरून नुसतं शिक्कामोर्तब करते. मग हेन्रीची मुलगी राणी मेरी हिच्या संसदेने ते रद्द कसं केलं? आणि १५५९ मध्ये तिच्यानंतरची राणी एलिझाबेथ हिला पुन्हा कायदा का करावा लागला? म्हणजे अधिकार देवाचा की संसदेचा? राजाचा माजी चान्सलर थॉमस मोर याने, हे प्रमुखपद नाकारल्याबद्दलच्या खटल्यात, शेवटी हाच मुद्दा काढला, की संसदेच्या हातात हे नाहीच. १५३५ मध्ये त्याचं मुंडकं उडालं, प्रश्न तसाच राहिला.

इतिहास शिकवणारं किंवा कायद्यातलं कुणी आहे का इथे? त्या काळचे न्यायाधीश याकडे कसं बघत, एवढं सांगितलंत तरी चालेल. हेन्रीच्या सहा बायकांची यादी मात्र नको, ती पाठ आहे.