सवाई पुन्हा रात्रभर व्हावा का?

तिसरा प्रहर:
यंदाच्या सवाईची, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची, कलाकारांची यादी येण्याआधीच हा विषय काढतोय, कारण एकदा यादी आली की 'हे का नाहीत, ते का आहेत' यापलीकडे बोलणं जात नाही. कोण गाणार हे आर्य संगीत प्रसारक मंडळ ठरवतं. काय गायलं जाणार यातलं बरंचसं मात्र रात्रीचे दहा ठरवतात.

सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेला हा उत्सव पुढे कित्येक वर्षं रात्र रात्र चालायचा. मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, आणि त्यावर गणपती-नवरात्रापासून सगळ्यांचा डोळा असतो. सवाईला त्यातला एखादा दिवस मिळाला तर रात्रीच्या दुसऱ्या प्रहरातले (नऊ ते बारा) बिहाग, बागेश्री हे राग त्यांच्या वेळेला ऐकू येतात. पुढचे दोन प्रहर गेलेच. मध्यरात्रीनंतरचे दरबारी, अडाणा आठ-नऊ वाजता गायचे, आणि पहाटेआधीचे सोहनी, परज? ते त्यांच्या वेळी ऐकायची सोय आपल्या सगळ्यात मोठ्या उत्सवात उरलेली नाही.

राग वेळेवरच गायला पाहिजे अशी माझी सोवळी समजूत नाही. पण मध्यरात्रीनंतर मांडवात काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. गर्दी विरळ होते, फोटोपुरते आलेले घरी जातात, मागचा माणूस सतरंज्या ओलांडत पुढे येऊन बसतो. कलाकारालाही ते दिसतं. पुढे बसलेले हे कानसेन आता कुठे जाणार नाहीत, हे कळलेला गवय्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, जसा थांबतो तसा नऊ वाजता थांबत नाही. ती रात्र आपण मागून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मैदानाशेजारी:
माझी इमारत एका मैदानाला लागून आहे. मीही गाणं ऐकतो, म्हणून जास्त कळकळीने लिहितोय. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उघड्या मैदानावरच्या कुठल्याही मैफलीला ती पाळणं अशक्य. थंडीच्या रात्री, रस्ता शांत झाल्यावर, डग्ग्याचा घुमारा बंद खिडकीतून आत येतो. गायकाचा शब्द कळत नाही, नुसते ठोके येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ते रात्रभर ऐकावे लागतात.

दुसरं असं, की कायद्याला राग कळत नाही, आणि कळूही नये. आज दरबारीला सूट मागाल, उद्या तीच सूट दाखवून भिंतीएवढे स्पीकर लावणारे येतील. त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? आमचं ते संगीत आणि तुमचा तो गोंगाट, असं? दहाची मर्यादा मोलाची आहे. ती अभिजात संगीताच्या नावाने सैल झाली तर मला जास्त वाईट वाटेल.

तिसरा प्रहर:
उघड्यावर सूट द्या असं मी म्हणतच नाहीये. त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला मोकळीक आहे. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद जानेवारीत नझरुल मंच या सभागृहात रात्रभर चालत आली आहे. तसंच सवाईच्या पाचपैकी चार दिवस मैदानात दहापर्यंत, एक रात्र सभागृहात पहाटेपर्यंत. शेजाऱ्यांची झोप शाबूत, प्रहरही शाबूत.

भारतीय बैठक:
सभागृहाला माझा कडाडून विरोध. सवाईला हजारो माणसं एका मांडवाखाली बसतात. चांगल्यातलं चांगलं सभागृह घेतलं तरी त्यातल्या थोड्यांनाच जागा मिळणार, आणि ती कोणाला मिळणार हे सांगायला नको: ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना. रागाचं नावही माहीत नसलेला माणूस मित्राबरोबर येतो, सतरंजीच्या कडेला टेकतो आणि पुढची तीस वर्षं येत राहतो, ते जमिनीवरच्या बैठकीमुळे घडतं. निवडक रसिकांची बंद रात्र करायची असेल तर खुशाल करा, फक्त तिला सवाई म्हणू नका.

रात्रभराची एक बाजू मात्र कोणी मांडली नाही. बाहेरगावहून येणाऱ्यांना ती सोयीची होती. गाणं संपलं की पहिली एसटी पकडायची. आता दहाला बाहेर पडलेल्या माणसाने रात्र कुठे काढायची?

जवारी:
मी साथीला तंबोऱ्यावर बसते, म्हणून मंचावरून जे दिसतं ते लिहिते. दोन्ही बाजूंना दहाचा काटा एवढा मोठा का वाटतो ते मला कळत नाही. मध्यरात्रीनंतरचा मालकंस नऊला गायला म्हणून काही बिघडत नाही. संथ लयीतला विलंबित ख्याल वीस मिनिटांत उरकला की बिघडतं. दरबारीतला आंदोलित, म्हणजे हेलकावे घेणारा, गंधार (ग) घ्या. तो लावता येणं ही एक गोष्ट, आणि त्याच्याभोवती खालच्या सप्तकात रेंगाळून तो श्रोत्याच्या कानात बसवणं ही दुसरी. त्याला वेळ लागतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की आठ. सत्र दुपारी तीन ते रात्री दहा म्हणजे सात तास. त्यात चार-पाच कलाकार, प्रत्येक वेळी मंच बदलायचा, वाद्यं लावायची, माइक तपासायचे, मध्ये सत्कार. हातात उरतो जेमतेम तासभर. गायक बसतानाच घड्याळ बघतो आणि आलाप आखडता घेतो. हे तंबोरा छेडताना पाठीमागून स्पष्ट जाणवतं.

रात्रीची एक अडचणही सांगून ठेवते. डिसेंबरात उघड्यावर उशिरापर्यंत बसलं की हवा बदलते, दव धरतं, तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते, तंबोऱ्याच्या तारा सरकतात. दर दहा मिनिटांनी सूर तपासावा लागतो.

माझं मागणं साधं आहे. रोज तीनच कलाकार ठेवा. प्रत्येकाला दोन तास द्या.

पहिलाच कार्यक्रम:
जवारीताई, तीनच कलाकार ठेवले तर कोणाला वगळतील? ज्यांच्या नावावर तिकिटं जातात त्यांना नक्कीच नाही. दुपारी तीनला, मांडव अर्धा भरलेला असताना, पहिली पाऊण तासाची जागा मिळते ती आमच्यासारख्यांना. तेवढ्यात विलंबिताची पुरती बढत, म्हणजे सावकाश विस्तार, होत नाही हे खरं. पण त्या पाऊण तासासाठी गुरूकडे कितीतरी वर्षं बसलेली मुलं आहेत. ज्येष्ठांना दोन तास हवेत म्हणून ती जागा काढून घेऊ नका. कापायचेच असतील तर आधी सत्कार आणि भाषणं कापा.

जवारी:
सत्कार-भाषणांबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल नाही. नव्या कलाकारालाही पाऊण तासापेक्षा दीड तासाची पूर्ण मैफल द्यावी, मग ती दोन वर्षांतून एकदा का असेना. पाऊण तासात तयारी दिसते, गाणं दिसत नाही.

तिसरा प्रहर:
वेळेचा मुद्दा मान्य, तरी तो माझ्या मुद्द्याला पर्याय होत नाही. दोन तास मिळाले तरी सोहनी संध्याकाळी सहाला गाणार नाही कोणी.

मग निदान दुसऱ्या टोकाकडून बघू. बंदी सकाळी सहाला उठते. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे नियमाच्या आत राहूनही सूर्योदयाआधीचा जवळजवळ एक तास हाताशी आहे. पहाटेचा ललत त्यात गाता येईल, आणि उजाडल्यावर भैरव, तोडी. दिवाळी पहाटेला माणसं आंघोळी उरकून साडेपाचला रांग लावतातच की. एका दिवशी सकाळी सहाचं सत्र, दोनच कलाकार, मैदानातच. भारतीय बैठकवाल्यांनाही त्यात तक्रार नसावी.

भारतीय बैठक:
याला माझा पाठिंबा आहे. फक्त त्या दिवशी संध्याकाळचं सत्र लहान ठेवा, नाहीतर मंचावरची आणि मांडवातली माणसं सलग दोन दिवस झोपायची नाहीत.

मैदानाशेजारी:
सहाला गाणं सुरू होणार म्हणजे साउंड चेक पाचला, गाड्या साडेपाचपासून. कागदावर नियम पाळला जाईल, शेजारी मात्र पाचलाच जागा होईल. याचं काय करणार ते आधी सांगा.

जवारी:
तंबोरे लावायला माइक लागत नाही, ते आत खोलीत लावून आणता येतात. गायकाच्या माइकची पातळी आदल्या रात्री दहाच्या आत ठरवून खुणा करून ठेवता येते. तबल्याचा माइक सकाळच्या हवेत पुन्हा बघावा लागेल, तो सहा वाजल्यानंतर बघावा, भले गाणं सव्वासहाला सुरू होईना का. गाड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही, ते मंडळाला आणि पोलिसांना विचारावं लागेल.