केअर हार्डींची ओळख टोपीपुरती नको
साधी टोपी घालून ब्रिटिश पार्लमेंटात गेलेला खासदार, एवढीच केअर हार्डींची ओळख अनेकदा सांगितली जाते, म्हणून थोडी भर. स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरच्या कोळसा खाणीत ते उतरले तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. अंधारात एकटं बसून खाणीत हवा खेळती ठेवणारं दार उघडायचं आणि लावायचं, हे काम!

२३ जून १८९४ रोजी वेल्समध्ये खाणस्फोटात २९० माणसं गेली. त्याच दिवशी ब्रिटिश राजघराण्यात राजपुत्र जन्मला. पार्लमेंटातल्या अभिनंदनाच्या ठरावात मृतांच्या घरच्यांसाठी दोन शब्द घाला, ही हार्डींची मागणी फेटाळली गेली. भर सभागृहात आरडाओरडा झाला, तरी ते बोलत राहिले. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. १९०६ मध्ये मात्र मजूर पक्षाचे पहिले संसदीय नेते झाले आणि १९०७ मध्ये भारतात येऊन स्वराज्याच्या बाजूने बोलले.