शार्लट म्यू या कवयित्रीबद्दल कोणाला माहितीये का?

पानगळ:
परवा एका जुन्या संग्रहात शार्लट म्यूची 'द फार्मर्स ब्राइड' वाचली, दोन दिवस झाले डोक्यातून जातच नाहीये. शेतकरी स्वतः सांगतोय, बायको अगदी लहान, लग्न झाल्यापासून त्याला घाबरते, एका रात्री पळाली तर सगळ्यांनी मागे धावून पकडून आणली आणि कोंडली. आता ती वर माळ्यावर एकटी झोपते, हा खाली, मधे फक्त जिना. राग याचा यायला हवा ना, पण शेवटी त्याच्यासाठीही पोटात तुटतं. कोण ही बाई? अजून काय लिहिलंय?

जुनी_वही:
लंडनची, ब्लूम्सबरीतली, जन्म १८६९. वडील आर्किटेक्ट, ते १८९८ ला गेले आणि मागे पैसे फारसे नव्हतेच. तीन भावंडं लहानपणीच गेली, नंतर एक भाऊ आणि एक बहीण वेड्यांच्या इस्पितळात, ते कायमचेच. मग शार्लट आणि अ‍ॅन दोघी बहिणींनी लग्नच करायचं नाही असं ठरवलं, हा आजार पुढच्या पिढीत जायला नको म्हणून. हे कळल्यावर ती कविता परत वाचा, कुलूप आणि वरची खोली वेगळीच दिसायला लागते. मला तरी दिसली.

शाईचा_डाग:
तुम्ही वाचलेली कविता १९१२ ला 'द नेशन' या साप्ताहिकात आली होती, पण पुस्तक १९१६ ला, हॅरॉल्ड मन्रोच्या पोएट्री बुकशॉपने काढलं. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली! त्यातली 'मॅडलीन इन चर्च' ही कविता देवाची निंदा करते म्हणून छापखान्यातल्या जुळाऱ्याने टाईप जुळवायलाच नकार दिला होता. कवी-कादंबरीकार थॉमस हार्डीला मात्र शार्लटच्या कविता फार आवडायच्या, त्याच्यासारख्यांनी शब्द टाकला म्हणून तिला १९२३ ला वर्षाला ७५ पौंडांचं सरकारी पेन्शन मिळालं. १९२७ ला अ‍ॅन कॅन्सरने गेली आणि पुढच्याच वर्षी शार्लटने आत्महत्या केली. दुसरा संग्रह 'द रॅम्ब्लिंग सेलर' त्यानंतर, १९२९ ला आला.

पानगळ:
अरेरे. बहीण गेली आणि काहीच उरलं नसेल. पुढे काय वाचू?

जुनी_वही:
'द ट्रीज आर डाउन'. बागेच्या टोकाची मोठी 'प्लेन' जातीची झाडं तोडतायत, करवतीचा आवाज येतोय आणि तिला मधेच कधीतरी पाहिलेला एक मेलेला उंदीर आठवतो, वाटतं की मे महिन्यात निदान उंदराने तरी जिवंत असावं. मोठ्याने वाचा, ओळी इतक्या लांब आहेत की श्वास कुठे घ्यायचा ते तेव्हाच कळतं.