अमेरिकेचे संस्थापक ख्रिस्ती होते की डीइस्ट?

जिज्ञासू_क: वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जेफरसन पक्के ख्रिस्ती होते असं काही जण ठासून सांगतात, तर ते डीइस्ट होते, म्हणजे चमत्कार वगैरे न मानता फक्त सृष्टिकर्ता मानायचे, असं दुसरे सांगतात. दोघेही त्यांचीच वाक्यं पुढे करतात. खरं काय? आणि अशी वाक्यं तपासायची कशी?

जुनी_पानं: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन विदरस्पून प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) धर्मोपदेशक होता, चार्ल्स कॅरल कॅथलिक. फ्रँकलिनने मात्र मार्च १७९० मध्ये, मरणाच्या महिनाभर आधी, येल कॉलेजचा अध्यक्ष एझरा स्टाइल्सला कळवलं की एक देव आणि अमर आत्मा मान्य, पण येशूच्या ईश्वरत्वाबद्दल शंका आहे.

जेफरसनचा प्रकार तर मुळातून बघण्यासारखा आहे. १८२० च्या सुमारास त्याने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारातले (बायबलचा येशूविषयीचा भाग) उतारे पात्याने कापून चार रकान्यांत शेजारीशेजारी चिकटवले. त्यासाठी सहा छापील प्रती कापल्या, कारण पानाच्या पाठीवरचा मजकूरही हवा असायचा. येशूची शिकवण ठेवली, चमत्कार गाळले. शेवट थडग्यावर धोंड लोटण्यापाशी होतो, पुनरुत्थान नाही. हयातीत हे त्याने छापलं नाही.

दप्तरी: इथे एक गल्लत हमखास होते. नेत्याची श्रद्धा आणि राज्याचं धोरण या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हर्जिनियात ख्रिस्ती उपदेशकांसाठी कर बसवायचा तिथल्या पॅट्रिक हेन्री या नेत्याचा प्रस्ताव होता. संस्थापकांपैकीच एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिलं आणि १७८६ मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. त्यामागे बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं मोठं बळ होतं, आणि ते चांगले कडवे श्रद्धाळू होते! अँग्लिकन चर्च (इंग्लंडचं अधिकृत चर्च) सरकारमान्य असताना त्यांचे उपदेशक तुरुंगात गेले होते, म्हणून राज्याचा हात धर्मात नको ही त्यांचीच मागणी होती. राज्यघटनेच्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने मात्र धर्माबाबत फक्त काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाला, बांधलं, घटक राज्यांना नाही; मॅसॅच्युसेट्स राज्यामध्ये चर्चसाठीचा कर १८३३ पर्यंत चालू होता.

जिज्ञासू_क: हे फार कामाचं आहे. मग वाक्यं कशी तपासू?

जुनी_पानं: 'फाउंडर्स ऑनलाइन' हे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं मोफत संकेतस्थळ उघडा. वाक्यातले ठळक तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. काही सापडलं नाही तर एकेक शब्द कमी करा, कारण तेव्हाचं स्पेलिंग वेगळं असायचं. सापडलं की तारीख आणि कोणाला लिहिलंय ते बघा, मग अख्खं पत्र वाचा. अर्धवट तोडलेलं वाक्य हाच सगळ्यात मोठा सापळा. दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सचं 'धर्म नसता तर हे जग सर्वोत्तम झालं असतं' या अर्थाचं वाक्य सर्रास फिरतं. १९ एप्रिल १८१७ च्या पत्रात तो लिहितो की असं ओरडावंसं अनेकदा वाटलं, आणि लगेच पुढे म्हणतो की धर्माविना हे जग नरकच होईल.