बेल्ट घसरतो तेच बरं

'बेल्टचा लेथ (धातू कातायचं मशीन) जड कटला घसरतो, घरासाठीही ऑलगिअरच (वेग बेल्टऐवजी गिअरनी बदलणारा) घ्या' हे मत मला पटत नाही. कुपवाडला घरामागच्या शेडमध्ये माझा साडेचार फुटी लेथ बेल्टचाच आहे. पार्टिंग करताना, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) कापून वेगळा करताना, टूल त्यात अडकलं तेव्हा बेल्ट घसरला, टूलचं टोक तेवढं गेलं. ऑलगिअरमध्ये तोच झटका गिअरच्या दातांवर आला असता. आटे पाडायला बॅकगिअर (वेग कमी करणारे जादा गिअर) टाकला की स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) सावकाश फिरतो, जोरही पुरतो.

जुना लेथ बघताना मात्र एक नक्की विचारा: बेल्ट बदलायला स्पिंडल उतरवावा लागतो का? हेडस्टॉकमधून (स्पिंडल बसवलेल्या भागातून) जाणारा अखंड बेल्ट असेल तर लागतोच, मग बेअरिंगही पुन्हा सेट करा. मी जोडाचा चपटा बेल्ट घातलाय, तो जागेवरच बदलतो.