मदत हवी आहे: सुट्टी संपत आली, मुलाचे इंग्रजीचे वाचन जागचे हललेले नाही

नवी_पालवी:
अमेरिकेतील हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या माझ्या मुलाला शाळेने उन्हाळी सुट्टीसाठी एक कादंबरी वाचायला दिली आहे. शाळा उघडायला आता फारसे दिवस उरलेले नाहीत, तरी तो पहिल्या प्रकरणातच अडकला आहे आणि नोंदवही कोरी आहे. समोर बसवले तर पाने उलटतो, पण काय वाचले ते सांगता येत नाही. नेमका उपाय सुचवावा. ‘वाचनाची गोडी लावा’ हा सल्ला पुष्कळ ऐकून झाला आहे, तो कृपया नको.

कंदील:
इयत्ता कोणती, पुस्तक कोणते, आणि नोंदवही पहिल्या दिवशी द्यायची आहे की पहिल्या आठवड्यात परीक्षाही आहे? एवढे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

उंबरठा:
पुस्तक कोणतेही असो, ऑडिओबुक लावून द्या. सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असेल तर लिबी या ग्रंथालयांच्या ॲपवर ते फुकट मिळते. आमची मुलगी पुस्तक समोर उघडे ठेवून ऐकत असे, आणि तेव्हापासून तिची वाचनाची कुरकुर थांबली.

जुनी_दौत:
ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. नोंदवहीसाठी पृष्ठक्रमांकासह उतारे शोधावे लागतात, ते ऐकताना निसटतात.

उंबरठा:
पुस्तक समोर उघडे ठेवून, असे मी लिहिले आहे. प्रतिसाद पूर्ण वाचून मग आक्षेप घ्यावा.

नवी_पालवी:
तो नववीत जाणार आहे आणि पुस्तक ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आहे. वहीत डावीकडे उतारा आणि उजवीकडे स्वतःची प्रतिक्रिया लिहायची आहे. एकतीस प्रकरणे आहेत हो! रोज किती करून घेऊ?

सारीपाट:
वाचन टाळू देऊ नका. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सुट्टीमुळे मुले सरासरी महिनाभर मागे पडतात असे दिसले होते. शिवाय पुढे महाविद्यालय प्रवेशासाठीची सॅट परीक्षा आहे, तेव्हा शब्दसाठ्याच्या याद्याही आतापासूनच पाठ करून घ्याव्यात.

जुनी_दौत:
त्याच आढाव्यात घसरण वाचनापेक्षा गणितात जास्त आढळली होती, आणि वाचनात मध्यमवर्गीय घरांतील मुले मागे पडलेली नव्हती, हे अर्धे सोयीस्करपणे गाळले जाते. सॅट तर २०२४ पासून अमेरिकेत संगणकावर होते आणि तिच्यात छोट्या उताऱ्यांवर एकेकच प्रश्न असतो. याद्या घोकण्याचा सल्ला येथे कोणी मागितलेला नाही.

कंदील:
मूळ प्रश्नाकडे येतो. या कादंबरीच्या आरंभी फिंच घराण्याचा पूर्वेतिहास येतो, आणि नववीतल्या मुलाला सायमन फिंच कोण याच्याशी काडीचे देणेघेणे नसते. तिथे अडखळत असेल तर ती पाने तूर्त सोडून डिल हा मुलगा शेजारी येतो तिथून त्याला वाचू द्या. घराबाहेर न पडणारा शेजारी बू रॅडली याच्या घराचे गूढ लगेच सुरू होते आणि मुले ओढली जातात. पूर्वजांची पाने नंतर चाळली तरी चालतात. पहिल्या भागात अकरा प्रकरणे आहेत, तर ॲटिकस फिंच हा वकील बाप लढवतो तो खटला दुसऱ्या भागात, सतराव्या प्रकरणापासून एकविसाव्यापर्यंत चालतो. ती प्रकरणे तुकडे न पाडता सलग वाचावीत.

नोंदीचे एक उदाहरण देतो. दहाव्या प्रकरणात ॲटिकस पिसाळलेल्या कुत्र्याला एकाच गोळीत टिपतो. उजवीकडे ‘ॲटिकस शूर आहे’ एवढेच लिहिले तर शिक्षक त्याला प्रतिक्रिया मानणार नाहीत. ‘त्याने आपली नेमबाजी मुलांपासून इतकी वर्षे का लपवली असावी, आणि ती कळल्यावर त्याचा मुलगा जेम याला बापाचा अभिमान का वाटला?’ असा प्रश्न आणि त्याचे स्वतःला सुचलेले उत्तर लिहिले, तर तीच नोंद भरते. तुम्ही मात्र उत्तर सांगू नका. त्याला अगदी चुकीचे सुचले तरी तेच लिहू द्या.

आता एवढे सांगा: नोंदी प्रत्येक प्रकरणाला मागितल्या आहेत का?

नवी_पालवी:
नाही, प्रत्येक भागाला पाच, असे शिक्षिकेच्या पत्रात आहे.

कंदील:
हे आधी सांगायचे होते! म्हणजे सगळ्या मिळून दहा नोंदी झाल्या, एकतीस प्रकरणांचा धसका कशासाठी? वाचताना पानाच्या कडेला पेन्सिलीने नुसती खूण करू द्या. उतारे भाग संपल्यावर निवडावेत.

उंबरठा:
आणि न्यायालयातील प्रकरणे ऐकावीतच. अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली कानावर पडली की डोळ्यांना अडत नाही.

जुनी_दौत:
एवढ्यापुरते मान्य.

नवी_पालवी:
आभारी आहे. पुस्तक शाळेचे आहे, त्यावर पेन्सिलीची खूण केलेली चालणार नाही. चिकटचिठ्ठ्या लावल्या तर चालेल ना?

कंदील:
चालेल. चिठ्ठीवर दोन शब्द लिहून ठेवायला सांगा, नाहीतर ती का लावली होती हे नंतर आठवत नाही.