मदत हवी आहे : लांबच्या क्रूझवर बंदरं गळतात, उरलेल्यांत वेळ मिळत नाही. बुकिंगआधी काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

लांब पल्ल्याच्या क्रूझचा अनुभव असलेल्यांकडून सल्ला हवा आहे. प्रश्न शेवटी विचारलेत, आधी पार्श्वभूमी. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी आणि नवरा दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पुढे पॅसिफिकमध्ये शिरणाऱ्या एका क्रूझवर जाऊन आलो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, पत्रव्यवहार अजून चालू आहे. जहाज छान, केबिन छान, कर्मचाऱ्यांबद्दल तर एक अक्षर वाकडं बोलणार नाही. पण आम्ही जहाज बघायला गेलो नव्हतो. माहितीपत्रकातला नकाशा आणि त्यावरची बंदरांची नावं बघून पैसे भरले होते.

पहिलं गळलं ते फॉकलंड बेटांवरचं स्टॅनली. तिथल्या आतल्या बंदराचं तोंड अरुंद आहे, त्यामुळे मोठी जहाजं बाहेर पोर्ट विल्यममध्ये नांगर टाकतात आणि माणसांना टेंडरने, म्हणजे छोट्या बोटींनी, किनाऱ्यावर नेतात. सकाळी सगळ्यांना थिएटरात बसवलं, छातीवर गटाचा नंबर असलेलं स्टिकर, कानटोप्या, हातमोजे, सगळा जामानिमा. पहिली बोट पाण्यात सोडून पुन्हा वर ओढून घेतलेली डेकवरच्या लोकांनी पाहिली. थिएटरात बसलेल्या आम्हाला ते पाऊण तासाने कळलं. वारा वाढला होता. ठीक आहे, वाऱ्याशी कोण भांडणार?

मग ईस्टर आयलंड. तिथे मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही, हांगा रोआ गावासमोर उघड्या समुद्रात नांगर टाकायचा. लाटा मोठ्या होत्या. जहाजाने बेटाला वळसा घातला, दुर्बिणीतून मोआई, म्हणजे तिथले ते प्रचंड दगडी पुतळे, दिसले म्हणे (मला एक काळा ठिपका दिसला, तो मी मोआई धरून चालले आहे). दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत या प्रकाराला ‘निसर्गरम्य सागरदर्शन’ असं नाव होतं.

इथपर्यंत माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर प्रतिसादात ‘सुरक्षितता महत्त्वाची’ यावर प्रवचनं सुरू होतील. माझा राग आहे तो अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयावर. मूळ वेळापत्रकात तिथे सकाळी ८ ते संध्याकाळी ६ होतं. प्रत्यक्षात दुपारी २ ला पोहोचलो आणि साडेसहाला सगळे परत जहाजावर. कारण काय, तर ‘तांत्रिक’. बरं, आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी बंदराच्या वेबसाइटवरचं जहाजांचं वेळापत्रक निघण्याआधीच पाहून ठेवलं होतं. त्यात आमच्या जहाजाची वेळ दुपारचीच होती! म्हणजे बंदराला माहीत, कंपनीला माहीत, फक्त प्रवाशांना माहीत नाही. आम्ही स्वतंत्रपणे ठरवलेली बीगल खाडीतली बोट सकाळची होती, ती गेलीच.

पेरूत, लिमाचं बंदर असलेल्या कायाओलाही तेच. कागदावर ‘लिमा, १० ते ५’. इमिग्रेशनची मंजुरी यायला तास गेला, मग शटल बसची रांग, मग शहरातली वाहतूक. एका चौकात उतरलो, एक चर्च आतून पाहिलं आणि घड्याळ बघत परतलो. अशा ठिकाणी गेलो होतो असं म्हणायची मला लाज वाटते.

भरपाई म्हणून गळलेल्या बंदरांचे बंदरशुल्क खात्यात जमा झालं. कमी झालेल्या तासांबद्दल शून्य, कारण ‘बंदराला भेट दिली गेली आहे’.

तर प्रश्न असे. वेळापत्रक बघून कुठलं बंदर गळण्याची शक्यता जास्त आहे, हे आधी ओळखता येतं का? बदललेली वेळ कंपनीला आधीपासून माहीत होती, हे दाखवता आलं तर भरपाई मागण्याला काही आधार आहे का? आणि भरपूर वेळ थांबणाऱ्या लांबच्या क्रूझ खरंच असतात, की हे सगळीकडे असंच आहे? नवरा पुढच्या वर्षीची माहितीपत्रकं आत्ताच पसरून बसलाय, म्हणून जरा घाई आहे.

---

प्रतिसाद

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हो असं आहे.

वेळापत्रकात बंदराच्या नावापुढे नांगराचं चिन्ह किंवा ‘टेंडर’ असं लिहिलेलं असतं, ते आधी शोधा. टेंडरचं बंदर म्हणजे ‘जमलं तर’ असं समजायचं. स्टॅनली आणि ईस्टर आयलंड या यादीत अगदी वर आहेत. सँटोरिनी, ग्रँड केमनचं जॉर्ज टाउन, मेक्सिकोतलं काबो सान लुकास हीसुद्धा टेंडरचीच. त्यातली काही बहुतेक वेळा होतात, पण वेळ खातात. सँटोरिनीला जुन्या बंदरावर उतरलं तरी कड्यावरच्या फिरा गावात जायला केबल कार, खेचरं किंवा पायऱ्या. तीन-चार जहाजं एकदम आली की केबल कारच्या रांगेतच सकाळ संपते.

धक्क्याला लागणाऱ्या बंदरातही वारा नडतो, बरं का. आताची जहाजं पंधरा-वीस मजली, त्यांची बाजू वाऱ्याला शिडासारखी आडवी येते. त्यामुळे बंदराचं तोंड अरुंद असेल तर आत शिरणं जोखमीचं. तिथे कप्तानाला कोणी काही बोलू शकत नाही. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातच (प्रकरण ५, नियम ३४-१) लिहिलंय की सुरक्षिततेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयात जहाजमालकाने आडकाठी करायची नाही.

---

प्रतिसाद

शहराच्या नावापुढे कंसात दुसरंच नाव दिसलं की नकाशा उघडायचा, हा माझा नियम. रोम म्हणतात आणि उतरवतात चिविताव्हेक्कियाला, सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. पॅरिस म्हणजे ल आव्र, साधारण दोनशे किलोमीटर. बर्लिन म्हणजे वार्नेम्युंड, त्याहूनही लांब. बँकॉक म्हणजे बऱ्याचदा लाएम चाबांग.

आता हिशोब करा. ८ ते ५ म्हणजे नऊ तास. सुरुवातीला मंजुरी आणि गँगवेवरची, म्हणजे उतरायच्या जिन्यावरची, गर्दी यात पाऊण-एक तास. परत यायची वेळ निघण्याच्या अर्धा तास आधी, टेंडर असेल तर एक तास. राहिले साडेसात. ल आव्रहून पॅरिसला जाऊन-येऊन पाच-सहा तास बसमध्ये. उरलं काय? आयफेल टॉवरचा फोटो, तोही चालत्या बसमधून.

अशा ठिकाणी मी शहराचा नादच सोडते आणि बंदराच्या गावातच फिरते. ल आव्रचंच घ्या, दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं शहर वास्तुरचनाकार ऑग्युस्त पेरेने काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलं, २००५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. गँगवेवरून उतरून थोड्याच वेळात पोहोचता येतं आणि तिथे कोणी घाई करत नाही.

---

प्रतिसाद

‘तांत्रिक कारण’ म्हणजे बहुधा प्रोपल्शन, जहाज पुढे ढकलणारी यंत्रणा. एखादी मोटर नीट चालत नसेल तर जहाजाचा सर्वोच्च वेग खाली येतो. दुरुस्तीला ड्राय डॉक (जहाज पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करायची गोदी) लागतो, तो महिनोन् महिने मिळत नाही आणि तोवर सगळी वेळापत्रकं मंद वेगावर बसवली जातात. म्हणून तुमच्या त्या गृहस्थांना दुपारची वेळ आधीच दिसली असणार.

दुसरं कारण इंधन. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २० नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २२ ने जायचं तर वेग १० टक्के जास्त, पण शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त. बंदरातून दोन तास लवकर निघून सावकाश गेलं तर किती वाचत असेल बघा. त्यात बंदरात असताना कॅसिनो आणि ड्यूटी फ्री दुकानं सहसा बंद ठेवावी लागतात, हाही योगायोग नोंदवून ठेवतो. 😀

बुकिंगआधी एक गोष्ट घरबसल्या करता येते. दोन बंदरांमधलं अंतर सागरी मैलांत काढा आणि मधल्या तासांनी भागा. संध्याकाळी ५ ला निघून सकाळी ८ ला पोहोचायचं म्हणजे १५ तास. अंतर २४० मैल असेल तर १६ नॉट लागतात, आरामात होतं. ३०० असेल तर २० नॉट, म्हणजे बऱ्याच जहाजांना फारशी सवडच उरत नाही. वादळाला वळसा घालावा लागला किंवा आजारी प्रवाशाला उतरवायला वाट वाकडी करावी लागली, की पुढच्या बंदराचे तास कापले जाणार. घड्याळ पुढे सरकणार असेल, म्हणजे पूर्वेकडे जात असाल, तर त्या १५ मधला एक तास आधीच वजा करा.

---

प्रतिसाद

काही थांबे मुळात प्रवाशांसाठी नसतातच! अमेरिकेचा १८८६ चा प्रवासी जहाजांचा कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकी बंदरातून निघून अमेरिकेतच परतत असेल तर मध्ये परदेशी बंदर लागावं लागतं. म्हणून सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला अंधार पडता पडता चार-पाच तास टेकतात आणि लॉस एंजलिसहून हवाईला जाऊन येणारी मेक्सिकोतल्या एन्सेनादाला. माहितीपत्रकात मात्र ते बाकीच्या बंदरांच्या रांगेत तितक्याच मोठ्या अक्षरांत.

---

प्रतिसाद

भरपाईबद्दल. तिकिटाच्या करारात कंपनीने मार्ग आणि वेळ बदलण्याची मुभा घेतलेली असते, त्यामुळे हवामानामुळे गळलेल्या बंदराचं बंदरशुल्क आणि कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे एवढंच मिळतं. क्रूझ उद्योगाच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली, पण ती यांत्रिक बिघाडाने प्रवास रद्द झाला किंवा अर्ध्यावर संपला तर परतावा देते. हुकलेल्या बंदराबद्दल ती गप्प आहे.

तुमची उशुआयाची केस वेगळी आहे, कारण तिथे बदल आधी माहीत होता. युरोपियन युनियनमध्ये विकलेल्या पॅकेजला २०१५/२३०२ हा निर्देश लागू होतो, ब्रिटनमध्ये २०१८ चे पॅकेज ट्रॅव्हल नियम. दोन्हींत तत्त्व तेच : निघण्याआधी मुख्य गोष्टींत मोठा बदल करावा लागला तर कंपनीने प्रवाशाला तो स्पष्ट कळवायचा आणि रद्द करून पैसे परत घेण्याचा पर्याय द्यायचा. एका बंदराचे काही तास हा ‘मोठा बदल’ ठरेल का, यावर वाद होईल. स्टॅनली आणि ईस्टर आयलंडबद्दलची नाराजी मात्र त्याच पत्रात घालू नका. तेवढंच धरून ते हवामानाचं छापील उत्तर पाठवतील.

तुम्ही बुकिंग कुठल्या देशातल्या एजंटाकडून केलं? सगळं त्यावर अवलंबून आहे. आणि त्या गृहस्थांकडे वेळापत्रकाचा तारखेसह स्क्रीनशॉट आहे का?

---

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतर भागिले तास हे नवऱ्याने लगेच करून पाहिलं आणि त्याच्या आवडत्या माहितीपत्रकातला एक टप्पा साडेएकवीस नॉटचा निघाला! ते माहितीपत्रक आता टेबलाच्या खालच्या कप्प्यात गेलंय.

स्क्रीनशॉट आहे, पण त्यावर तारीख नाही. त्यांनी तो तेव्हा बायकोला ईमेलने पाठवला होता, त्या ईमेलची तारीख चालेल का? बुकिंग ब्रिटनमधल्या एजंटाकडून, विमान आणि क्रूझ एकत्र.

---

प्रतिसाद

विमान आणि क्रूझ एकत्र म्हणजे पॅकेजच झालं, चांगलं आहे. ईमेल मूळ स्वरूपात, हेडरसकट पुढे पाठवायला सांगा, नुसतं चित्र नको. पत्रात एवढंच विचारा : ‘उशुआयाची सुधारित वेळ तुम्ही बंदराला कोणत्या तारखेला कळवली?’ लेखी उत्तर मागा. पैशांचा आकडा पहिल्या पत्रात लिहू नका.

विम्याची पॉलिसीही काढून बघा. क्रूझसाठीच्या काही पॉलिसींत हुकलेल्या प्रत्येक बंदरामागे ठरावीक रक्कम मिळते. मात्र टेंडर चालू न शकल्याने हुकलेलं बंदर काही जण वगळतात, ते कलम आधी वाचा. दाव्यासाठी बंदर रद्द झाल्याचं जहाजाचं पत्र लागतं, ते जहाजावरच रिसेप्शनला मागायचं असतं. आता कंपनीकडे मागा, देतात.

---

प्रतिसाद

तिसरा प्रश्न राहिलाच की. जास्त वेळ थांबणाऱ्या क्रूझ असतात. अझामारासारख्या छोट्या जहाजांच्या कंपन्या रात्री उशिरापर्यंत थांबणं आणि बंदरात मुक्काम याचीच जाहिरात करतात. छोटं जहाज असल्याने शहराच्या जवळ लागतं, टेंडरलाही कमी माणसं. पण टेंडर तिथेही टेंडरच, आणि लाटांमध्ये छोटं जहाज जास्त हलतं.

बंदरांची संख्या मोजू नका, तास मोजा. कागदावर दोन रकाने करा, एकात धक्क्यावरचे तास, दुसऱ्यात टेंडरचे. टेंडरचे सगळे शून्य धरून जी बेरीज येईल तेवढ्यासाठी जावंसं वाटतंय का, एवढं बघा. नवरोबांना तोवर माहितीपत्रकं पसरू द्या.

अवांतर : बीगल खाडीच्या बोटवाल्यांना लिहिलंत का? जहाज वेळेवर लागलं नाही तर पूर्ण परतावा, असं बरेच स्थानिक सहलवाले बुकिंगच्या अटींतच देतात.